नोड तुमचा, भरवसा कुणाचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

नोड, म्हणजे साखळीतला प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासणारा संगणक, कसा उभारायचा हे विचारणारी पत्रं आता कमी झाली आहेत. या खेपेला आलेली बहुतेक पत्रं नोड उभा करून महिने उलटलेल्या आणि आता पुढच्या पायरीवर अडलेल्या वाचकांची आहेत. मी गेली दहाएक वर्षं बिटकॉइनचा नोड चालवते आहे आणि मर्जच्या, म्हणजे इथेरियमने मायनिंग सोडलं त्याच्या, आधीपासून इथेरियमचाही. या काळात कुठलाही बदल करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लागली: हे केल्यावर माझा नोड काय स्वतः तपासणार आणि काय दुसऱ्याच्या शब्दावर सोडणार? खालची उत्तरं त्याच सवयीतून आलेली आहेत.

प्रश्न : माझ्या मशीनला ३२ जीबी रॅम आहे. बिटकॉइन कोअर या नोडच्या सॉफ्टवेअरचा पहिला सिंक (सगळी साखळी उतरवून तपासणं) लवकर उरकावा म्हणून डीबीकॅश १६ जीबी केला. ५ लाख ८० हजाराव्या ब्लॉकपर्यंत पोचल्यावर मशीन रीस्टार्ट केलं, तर नोड ५ लाख १० हजारापासून पुन्हा सुरू झाला. डिस्क तपासली, ती ठणठणीत आहे. मग ७० हजार ब्लॉक गेले कुठे?

उत्तर : ब्लॉक कुठेही गेलेले नाहीत. ते डिस्कवर ब्लॉक्सच्या फोल्डरमध्येच आहेत आणि त्यातले बहुतेक पुन्हा उतरवावेही लागणार नाहीत. गेला आहे तो हिशोब.

नोड प्रत्येक ब्लॉक तपासताना अजून न खर्चलेल्या नाण्यांची यादी अद्ययावत करत जातो. ही यादी चेनस्टेट नावाच्या फोल्डरमध्ये लेव्हलडीबी या डेटाबेसमध्ये असते. प्रत्येक ब्लॉकला डिस्कवर लिहीत बसलं तर सिंक रांगत चालेल, म्हणून नोड बदल आधी रॅममध्ये साठवतो. डीबीकॅश म्हणजे ही साठवणीची जागा. वर्षानुवर्षं तिचा मूळ आकडा ४५० एमआयबी होता, तुम्ही तो १६ जीबी केलात. त्याने सिंक नक्कीच वेगात होतो, मीही पहिल्या सिंकला आकडा वाढवतेच. पण त्यामुळे डिस्कवर लिहिण्याची वेळ फार क्वचित येते, आणि रीस्टार्टच्या क्षणी बरंच काम नुसतं रॅममध्ये असतं. बंद होताना नोडला ते सगळं डिस्कवर उतरवायचं असतं. जलद डिस्कलाही याला मिनिटं लागतात, मंद डिस्कला दहा-पंधरा मिनिटंसुद्धा.

तेवढा वेळ त्याला मिळतो का, हे पाहा. बहुतेक लिनक्सवर सिस्टमडी (प्रोग्रॅम चालू-बंद करणारी यंत्रणा) कुठल्याही सर्व्हिसला थांबायला ९० सेकंद देतं आणि त्यानंतर सरळ मारून टाकतं. माझ्या नोडचं असंच झालं होतं. कर्नलचं अपडेट होतं, मी नेहमीसारखी रीस्टार्टची कमांड दिली आणि चहा घेऊन परत आले तर नोड आदल्या दिवशीच्या ब्लॉकवर उभा. मीही आधी डिस्कवरच संशय घेतला. अर्धा दिवस डिस्क तपासण्यात घालवल्यावर जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदींत, एक ओळ सापडली: ‘स्टेट स्टॉप-सिगटर्म टाइम्ड आउट. किलिंग.’ म्हणजे नोड लिहीत असतानाच त्याचा गळा आवळला गेला होता, आणि तो मीच दिलेल्या कमांडने.

तुम्हीही दोन ठिकाणी पाहा. नोडच्या स्वतःच्या डीबग लॉगमध्ये ‘शटडाउन: इन प्रोग्रेस’ ही ओळ असेल. तिच्यापाठोपाठ ‘शटडाउन: डन’ आहे का? नसेल तर तुमचा नोड नीट बंद झालेला नाही. सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये टाइमआउटस्टॉपसेक हा आकडा वाढवा. बिटकॉइन कोअरच्या सोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये तो ६०० सेकंद आहे. १६ जीबीच्या कॅशला मी १८०० देईन. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवण्याची सोय) वापरत असाल तर धोका जास्त, कारण डॉकर कंटेनर थांबवताना फक्त १० सेकंद वाट पाहतो. त्याच्या कंपोझ या सेटिंगच्या फाइलमध्ये स्टॉप ग्रेस पिरियड वाढवल्याशिवाय तिथे नोड ठेवूच नका. इथेरियमच्या गेथ या सॉफ्टवेअरचंही हेच दुखणं आहे: मारला गेला की पुढच्या वेळी तो लॉगमध्ये ‘अनक्लीन शटडाउन डिटेक्टेड’ असं लिहितो आणि मागच्या सुरक्षित स्थितीवर जाऊन पुन्हा चालू लागतो.

सिंक पूर्ण झाल्यावर डीबीकॅश खाली आणा. रोज साधारण १४४ ब्लॉक तपासायला १६ जीबी लागत नाहीत, आणि रॅममध्ये जितकं कमी अडकलेलं असेल तितकं वीज गेल्यावर कमी गमवाल. यूपीएस असेल तर तो नुसता मशीनला लावून थांबू नका. बॅटरी अर्ध्यावर आली की नोड बंद करायची कमांड आपोआप जाईल अशी जोडणी करा, आणि एकदा खरोखर भिंतीवरचं बटण बंद करून ती चालते का ते बघा. ही चाचणी न केलेले यूपीएस मी बरेच पाहिलेत.

प्रश्न : जागेअभावी मी प्रून केलेला, म्हणजे जुने ब्लॉक पुसणारा, नोड चालवतो. ओळखीचे एक जण म्हणतात की हा खरा नोडच नव्हे. ते बरोबर आहेत का?

उत्तर : नाहीत. प्रून केलेला नोड पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक ब्लॉक उतरवतो, तपासतो आणि मगच जुना पुसतो. तपासणीत तो पूर्ण नोडच्या तसूभरही मागे नाही. तुम्ही प्रूनचा आकडा ५५० एमआयबीइतका खाली आणू शकता, अलीकडचे किमान २८८ ब्लॉक, म्हणजे सुमारे दोन दिवसांचे, तो तरीही ठेवतो. सगळी साखळी ठेवायची तर ६०० जीबीच्या वर जागा लागते.

गैरसोयी आहेत, पण त्या वेगळ्या. जुनं वॉलेट आणून त्याचा मागचा इतिहास शोधता येत नाही, टीएक्सइंडेक्स (सगळ्या व्यवहारांची सूची) चालू करता येत नाही, आणि नव्याने सिंक होणाऱ्या नोडला जुने ब्लॉक देता येत नाहीत.

मात्र तुमच्या ओळखीच्यांनी विचारायला हवा होता असा एक प्रश्न आहे, आणि तो प्रून न केलेल्या नोडलाही लागू पडतो. बिटकॉइन कोअर मूळ सेटिंगवर जुन्या ब्लॉकांमधल्या सह्या तपासत नाही. ‘अझ्युमव्हॅलिड’ नावाचा एक ब्लॉक सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेला असतो, त्याच्या आधीच्या सह्या बरोबर धरल्या जातात. रकमा, दुहेरी खर्च, प्रूफ ऑफ वर्क हे सगळं तपासलं जातंच. २०१७ च्या ०.१४ आवृत्तीपासून हे असं आहे आणि तो ब्लॉक कुठला हे उघड्या कोडमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, म्हणून मला त्याची भीती वाटत नाही. तरी ज्यांना सहीसुद्धा स्वतः तपासायची आहे त्यांनी अझ्युमव्हॅलिड शून्य करून एकदा सिंक करावा. मी एका नोडवर केला. वेळ खूप लागला, पण केल्याचं समाधान आहे.

प्रश्न : इथेरियमसाठी नवी कोरी ४ टीबीची एनव्हीएमई डिस्क घेतली. तरीही नोड सारखा दोन-चार ब्लॉक मागे पडतो, मग गाठतो, मग पुन्हा मागे. इंटरनेट उत्तम आहे. डिस्क तर एनव्हीएमई आहे, मग आणखी काय हवं?

उत्तर : एनव्हीएमई हे फक्त जोडणीचं नाव आहे. रस्ता रुंद असला म्हणून गाडी चांगली असेलच असं नाही.

आधी दोष कुठे आहे ते ठरवू. गेथच्या लॉगमध्ये दर बारा सेकंदांनी एक ओळ येते, ‘इम्पोर्टेड न्यू पोटेन्शियल चेन सेगमेंट’. तिच्यात इलॅप्स्ड नावाचा आकडा असतो, म्हणजे ब्लॉक हातात आल्यावर तो तपासायला लागलेला वेळ. सुदृढ नोडवर हा आकडा मिलिसेकंदांत असतो, शंभर, दोनशे, क्वचित पाचशे. तुमच्याकडे तो चार-पाच सेकंद दिसत असेल तर ब्लॉक वेळेवर येतोय पण तपासणीत अडकतोय: डिस्क, नाही तर प्रोसेसर. आकडा लहान असून ओळच उशिरा येत असेल तर नेटवर्क किंवा पिअर (जोडलेले इतर नोड) पाहायचे. इतकी साधी ही फोड आहे, पण ती न करता लोक आधी राउटर बदलतात.

तुमच्या वर्णनावरून, मागे पडतो आणि गाठतो यावरून, मला डिस्कवरच संशय आहे. आणि ती बहुधा क्यूएलसी असावी किंवा तिला स्वतःची डीरॅम (जलद स्मृती) नसावी. क्यूएलसी डिस्कच्या एका पेशीत ४ बिट ठेवतात, म्हणजे विद्युतभाराच्या १६ पातळ्या ओळखायच्या. टीएलसीत ३ बिट, ८ पातळ्या. पातळ्या जितक्या जास्त, तितकं लिहिणं सावकाश. हा सावकाशपणा झाकायला डिस्क आपल्या काही पेशी एकेका बिटाने भरते आणि नवं लेखन आधी तिथे घेते. डिस्क रिकामी असताना हा हौद मोठा असतो, म्हणून पहिले काही दिवस सगळं सुरळीत चालतं. डिस्क भरत जाते तसा हौद आटतो. हौद भरला की लिहिणं खऱ्या वेगावर येतं, नोड मागे पडतो. डिस्कला उसंत मिळाली की ती हौद रिकामा करते, नोड गाठतो. तुमच्या पत्रातलं चित्र अगदी असंच आहे.

याची खात्री करायला एफआयओ हा डिस्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवा. ४ केबीचे तुकडे, विखुरलेलं वाचन-लेखन, त्यात वाचन ७५ टक्के, रांग ६४, डायरेक्ट मोड. आणि फाइल १५० जीबीची घ्या. लोक ४ जीबीची घेतात, ती सगळी हौदातच मावते आणि आकडे पाहून खूश होतात. नोड थांबवून चाचणी करा, नाही तर दोघांची ओढाताण होईल. मी वाचनाला सेकंदाला १५ हजार आणि लेखनाला ५ हजार क्रिया यापेक्षा कमी देणारी डिस्क इथेरियमला लावत नाही. डिस्क निवडताना खोक्यावर छापलेला ७००० एमबीचा वेग पाहू नका, तो सलग मोठ्या फाइलचा असतो. नोड डिस्कवर इथून चिमूट, तिथून चिमूट उचलत असतो.

डिस्क टीएलसी निघाली आणि आकडे तरीही पडलेले असतील तर तापमान पाहा. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या कमांडने ते कळतं. एनव्हीएमईचा कंट्रोलर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. अशा दोन नोडांवर साधी ॲल्युमिनियमची पट्टी बसवून मी हा त्रास घालवला आहे. त्याच स्मार्टसीटीएलमध्ये ‘पर्सेंटेज यूज्ड’ म्हणून डिस्कच्या झिजेचा आकडा असतो, तो दर महिन्याला वहीत लिहून ठेवा. एफएसट्रिमचा (पुसलेली जागा डिस्कला कळवणाऱ्या कमांडचा) टायमर चालू आहे का पाहा. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर नोडचा डेटा ठेवला असेल तर ईएक्सटी४ वर आणा. बदल करताना जुनं न पुसता नव्या ठिकाणी लिहिण्याची त्यांची पद्धत इतर फाइलींना चांगली, पण नोडच्या डेटाबेसला ती भारी पडते.

जागाच अपुरी पडत असेल तर तिलाही उपाय आहे. जुलै २०२५ पासून इथेरियमचे एक्झिक्युशन क्लायंट (गेथसारखी व्यवहार तपासणारी सॉफ्टवेअरं) मर्जच्या आधीचा ब्लॉकांचा इतिहास टाकून देऊ शकतात, त्याने ३०० ते ५०० जीबी मोकळे होतात. चालू शिल्लक आणि कॉन्ट्रॅक्टची स्थिती यांना धक्का लागत नाही. जुने व्यवहार शोधायची गरज नसेल तर खुशाल करा.

प्रश्न : माझा इथेरियमचा एक व्हॅलिडेटर (तारण ठेवून ब्लॉकांवर मत देणारा) आहे. मशीन बंद पडलं तर अटेस्टेशन, म्हणजे ते मत, चुकू नये म्हणून तोच व्हॅलिडेटर दुसऱ्या मशीनवरही तयार ठेवायचा विचार आहे. पहिलं बंद पडलं की दुसरं आपोआप सुरू होईल अशी स्क्रिप्ट लिहिली आहे. ती बघाल का?

उत्तर : स्क्रिप्ट पाहिली. कष्टाने लिहिली आहे हे दिसतं. तरी कळकळीने सांगते, ती पुसून टाका.

तुमची स्क्रिप्ट पहिल्या मशीनला पिंग करते आणि तीन वेळा उत्तर आलं नाही की दुसरं मशीन सुरू करते. पण उत्तर न येण्याचा अर्थ मशीन बंद आहे असा होत नाही. दोन मशीनच्या मधली वायर निघाली, स्विच अडकला, तरी पिंग जाणार नाही, आणि पहिलं मशीन दुसऱ्या वाटेने इंटरनेटवर मजेत सह्या करत राहील. मग एकाच व्हॅलिडेटरच्या दोन सह्या. दोन मशीननी तंतोतंत एकच मत दिलं तर शिक्षा नाही, पण त्या क्षणी दोघांना साखळीचं टोक वेगळं दिसायला एक उशिरा आलेला ब्लॉक पुरतो. एकाच एपॉकसाठी, म्हणजे मतदानाच्या एकाच फेरीसाठी, दोन निरनिराळी मतं गेली की स्लॅशिंग, म्हणजे तारणातून दंड आणि हकालपट्टी. दोन्ही मशीन प्रामाणिक होती ही सबब तिथे चालत नाही.

आता तराजूत दोन्ही बाजू घाला. अटेस्टेशन चुकल्याचा दंड हा ते वेळेवर केल्याच्या कमाईहून थोडा कमीच असतो, साधारण तीन चतुर्थांश. म्हणजे एक दिवस बंद राहिलात तर पुढच्या एका दिवसात भरून निघतं. स्लॅशिंग झालं तर व्हॅलिडेटरला सक्तीने बाहेर काढतात आणि ८१९२ एपॉक, म्हणजे सुमारे ३६ दिवस, तो बाहेर पडण्याची वाट पाहत रोज दंड भरत राहतो. मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर सुरुवातीचा दंड शिल्लकेच्या एक बत्तिसांशावरून १/४०९६ इतका खाली आला आहे, म्हणून काहींना आता हे किरकोळ वाटतं. पण त्याच ३६ दिवसांच्या आसपास बाकीचेही पुष्कळ जण स्लॅश झाले असतील तर वेगळा आणि फार मोठा दंड बसतो. आणि परत यायचं तर पुन्हा रांगेत शेवटी उभं राहायचं. एका तासाची चूक वाचवायला एवढी जोखीम, हे नाकापेक्षा मोती जड झालं.

तुम्हाला हवा असलेला आधार दुसऱ्या तऱ्हेने मिळतो. कीज (सही करायच्या गुप्त किल्ल्या) एकाच जागी ठेवा आणि त्यांच्या खालचे नोड दोन करा. व्हॅलिडेटर क्लायंटला (सही करणाऱ्या प्रोग्रॅमला) दोन बीकन नोडांचे (साखळीवरचं एकमत पाहणाऱ्या नोडांचे) पत्ते देता येतात. पहिला मागे पडला की तो दुसऱ्याला विचारतो. दोन्ही बीकन नोडांना आपापला एक्झिक्युशन क्लायंट हवा, आणि दोन्हीकडे वेगळे क्लायंट ठेवलेत तर आणखी बरं. बहुतेक वेळा बंद पडतो तो नोडच, सही करणारा छोटा प्रोग्रॅम क्वचित.

आणि मशीन कायमचं बदलायची वेळ आली तर घाई करू नका. मी हे चार वेळा केलं आहे आणि दर वेळी कागदावर लिहून, एकेक ओळ खोडत केलं आहे. जुन्या मशीनवर व्हॅलिडेटर क्लायंट थांबवायचा. रीस्टार्टला तो स्वतः उठणार नाही असं करायचं. स्लॅशिंग प्रोटेक्शनचा डेटा (आधी केलेल्या सह्यांची नोंद) बाहेर काढायचा. तो ईआयपी ३०७६ च्या ठरलेल्या साच्यात असतो, त्यामुळे क्लायंट बदलला तरी चालतो. त्यानंतर जुन्या मशीनवरून कीज पुसायच्या, ‘नंतर पुसू’ असं अजिबात नाही. मग वाट पाहायची. एक एपॉक ६.४ मिनिटांचा. किमान तीन एपॉक जाऊ द्यायचे आणि एक्सप्लोररवर (साखळी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) आपली अटेस्टेशन खरोखर चुकताना पाहायची. आपलं अटेस्टेशन चुकलेलं पाहून बरं वाटावं असा हा एकमेव प्रसंग. मगच नव्या मशीनवर आधी प्रोटेक्शनचा डेटा, मागून कीज. क्लायंटमध्ये डॉपेलगँगर संरक्षण असेल तर ते चालू ठेवा. सही सुरू करण्याआधी दोन-तीन एपॉक ते आपल्याच नावाची सही कुणी करतंय का ते ऐकत बसतं.

हे सगळं पाळायला तुमचा अर्धा तास जाईल. स्क्रिप्ट लिहायला तुम्हाला यापेक्षा जास्त वेळ लागला असेल.

प्रश्न : बाहेर असताना फोनवरच्या वॉलेटला माझ्याच नोडशी जोडायचं आहे. राउटरवर आरपीसीचा (नोडला आज्ञा देण्याचा) पोर्ट उघडला आणि मोठा पासवर्ड ठेवला, इतकं पुरेल ना? फायरवॉल चालू आहे.

उत्तर : पुरणार नाही. आजच बंद करा.

बिटकॉइन कोअरचा ८३३२ हा आरपीसी पोर्ट साध्या एचटीटीपीवर बोलतो. तुमचा मोठा पासवर्ड वाटेत उघडाच जातो, मग तो वीस अक्षरी असो की साठ. इथेरियमचा ८५४५ तर मूळ सेटिंगवर पासवर्डही मागत नाही. हे दरवाजे घरातल्या घरात वापरायला केलेले आहेत. बाहेरून यायचं तर वायरगार्ड ही व्हीपीएन लावा किंवा एसएसएच बोगद्यातून या. टॉरचा ओनियन पत्ताही चांगला चालतो आणि त्याला राउटरवर काहीच उघडावं लागत नाही. बाहेर उघडायचे ते फक्त पिअरांशी बोलायचे पोर्ट: बिटकॉइनला ८३३३, बहुतेक एक्झिक्युशन क्लायंटना ३०३०३ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, आणि बऱ्याच कन्सेन्सस क्लायंटना (बीकन नोडांना) ९०००. दोन क्लायंटमधला ८५५१ बाहेर कधीच नाही.

‘फायरवॉल चालू आहे’ या तुमच्या वाक्याबद्दल एक सांगायला हवं. तुम्ही डॉकर वापरत असाल तर यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलने नाकारलेला पोर्टही उघडा असू शकतो. डॉकर पोर्ट प्रसिद्ध करताना स्वतःचे नियम लिहितो आणि येणारी पाकिटं यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचण्याआधीच कंटेनरकडे वळतात. यूएफडब्ल्यूचा स्टेटस विचारला तर तो सगळं बंद असल्याचं सांगेल, आणि ते त्याच्यापुरतं खरंही असेल. म्हणून कंपोझ फाइलमध्ये नुसतं ८५४५:८५४५ न लिहिता आधी १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच आतला पत्ता) लिहा. आणि मशीनच्या आत बसून खात्री करू नका. फोनचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून आपल्याच पत्त्यावर पोर्ट तपासा. जे बाहेरून दिसतं तेच खरं.

प्रश्न : नवी आवृत्ती आली की लगेच घ्यावी की थांबावं? आणि सगळे वापरतात तोच क्लायंट सुरक्षित नाही का?

उत्तर : पहिल्याला माझं उत्तर आवृत्तीच्या कारणावर अवलंबून असतं. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर त्याच दिवशी. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कोअरची ०.१६.३ आली तेव्हा आधी इतकंच सांगितलं होतं की एका दोषामुळे नोड बंद पाडता येतो. दोन दिवसांनी उघड झालं की त्याच दोषातून हवेतून नाणी निर्माण करता आली असती. पहिल्या दिवशी ‘नोड बंद पडला तर पडला’ म्हणून जे थांबले, ते त्याहून मोठ्या धोक्यात बसले होते. इथेरियमच्या अपग्रेडची तारीख ठरलेली असते, तिच्या आधी नवी आवृत्ती घ्यावीच लागते, नाही तर नोड जुन्या साखळीवर एकटा राहतो. बाकी नुसत्या सोयींसाठी आलेली आवृत्ती मी आधी दुय्यम नोडवर आठवडाभर चालवते.

घेताना सही तपासा. बिटकॉइन कोअरच्या फाइलींसोबत हॅशची यादी आणि त्या यादीवर बऱ्याच जणांच्या जीपीजी सह्या असतात. हे सगळे जण तोच कोड आपापल्या मशीनवर बांधून बिटाबिटाने सारखीच फाइल आली, असं सहीनिशी सांगतात. त्यातल्या दोन-तिघांच्या कीज एकदा नीट पडताळून ठेवल्या की पुढे दर वेळी दोन मिनिटांचं काम. सारी साखळी स्वतः तपासायची आणि तपासणारा प्रोग्रॅम मात्र न पाहता घ्यायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाला: सगळे वापरतात तो क्लायंट व्हॅलिडेटरला उलट जास्त धोक्याचा. मे २०२३ मध्ये, ११ आणि १२ तारखेला, इथेरियमची फायनॅलिटी, म्हणजे ब्लॉक कायमचे पक्के होणं, काही काळ थांबली. प्रिझम आणि टेकू हे कन्सेन्सस क्लायंट जुन्या अटेस्टेशनच्या भाराखाली दबले होते. साखळी तरी चालू राहिली, कारण बाकीचे क्लायंट उभे होते. फेब्रुवारी २०२५ ची होलेस्की टेस्टनेटवरची (चाचणीच्या साखळीवरची) घटना तर मी नव्या व्हॅलिडेटरवाल्यांना हमखास सांगते. पेक्ट्राच्या चाचणीच्या वेळी गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तिन्ही एक्झिक्युशन क्लायंटांत त्या टेस्टनेटच्या डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टचा (तारण जमा करायच्या कराराचा) पत्ता चुकीचा बसला होता. बहुसंख्य व्हॅलिडेटर त्यांच्यामागे चुकीच्या साखळीवर गेले आणि ती निस्तरायला दोन आठवडे लागले. तिथे खरे पैसे नव्हते म्हणून बचावलो. दोन तृतीयांशांहून जास्त मतं एकाच सदोष क्लायंटची असली तर चूक कायमची पक्की होते आणि तिच्यावर सही केलेल्याला मागे फिरायला धड वाट उरत नाही. अल्पसंख्य क्लायंटमध्ये दोष निघाला तर काही तास अटेस्टेशन चुकतात, एवढंच.

प्रश्न : नोड बंद पडल्याचं मला दोन दिवसांनी कळलं. ग्राफाना लावलं आहे, सगळे आलेख आहेत, तरीही.

उत्तर : आलेख बघायला कुणी तरी बसलेलं असावं लागतं. आणि तुमचं ग्राफाना त्याच मशीनवर असेल तर मशीनसोबत तेही गेलं, सांगणार कोण? नोडच्या मशीनने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला ‘मी आहे’ असं कळवावं आणि कळवणं थांबलं की त्या सेवेने तुम्हाला उठवावं. उलटी जोडणी करा.

काय कळवायचं तेही महत्त्वाचं. प्रोसेस चालू आहे, पिअर ४० आहेत, यावरून काही ठरत नाही. अडकलेल्या नोडलाही पिअर असतात. शेवटचा ब्लॉक किती जुना, हा एकच आकडा पाहा. इथेरियमला तीन मिनिटं गेली की मी उठते. बिटकॉइनला जरा गणित करावं लागतं. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण नेमाने नाही. एका तासाहून मोठा खंड पडण्याची शक्यता दर ब्लॉकला सुमारे पाव टक्का, म्हणजे दिवसाच्या १४४ ब्लॉकांत दर तीनेक दिवसांनी एकदा तो पडणारच. तासाची मर्यादा ठेवलीत तर आठवड्यातून दोनदा उगाच झोपमोड होईल आणि महिन्याभरात तुम्ही सूचना बंद करून टाकाल. दीड तास ठेवा. तेवढा खंड साधारण दोन महिन्यांतून एकदा पडतो. मशीनचं घड्याळही क्रोनी या प्रोग्रॅमने जुळलेलं ठेवा, कारण घड्याळ सरकलं तर ब्लॉकचं वयही चुकीचं दिसेल, आणि व्हॅलिडेटर असेल तर बारा सेकंदांच्या स्लॉटमधल्या चौथ्या सेकंदाला द्यायचं मत भलत्याच वेळी जाईल.

सगळं लावून झालं की एकदा मुद्दाम, रात्री, नोड थांबवा. फोन वाजला नाही तर जोडणी अजून अपुरी आहे. आणि थांबवताना पहिल्या प्रश्नातल्या त्या ‘शटडाउन: डन’ ओळीची वाट पाहायला विसरू नका.